वाक्य संपल्यावर स्पेस किती? नव्याने टाइप करणाऱ्यांसाठी

उत्तर आधी देऊन टाकू. पूर्णविरामानंतर एक स्पेस. प्रश्नचिन्हानंतर एक. उद्गारचिन्हानंतर एक. आणि या तिन्हींच्या आधी एकही नाही. घाईत असाल तर एवढं पुरेसं आहे, इथून उठून कामाला लागलात तरी हरकत नाही.

पण प्रत्यक्ष टाइप करायला बसलं की शंका निघतात. अवतरणचिन्ह मिटल्यावर काय करायचं? 'डॉ.' मधलं टिंब पूर्णविराम धरायचं का? फोन आपोआप टिंब टाकतो ते कसं? कुणाकडून आलेल्या फाइलमध्ये प्रत्येक वाक्यानंतर दोन-दोन स्पेस आहेत, त्या एकेक करून खोडायच्या का? आणि टाइपरायटरवर हात बसलेली जाणती माणसं दोन स्पेस द्यायला सांगतात, त्यांचं चुकतंय का? या शंका क्रमाने घेऊ. कॉम्प्युटरवर नुकतंच मराठी लिहू लागलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. इंग्रजी टाइप करतानाही यातलं बरंचसं तसंच लागू होतं.

## आधी स्पेस दिसू द्या

स्पेस दिसत नाही, हीच नवशिक्याची खरी अडचण. एक दिली काय आणि दोन दिल्या काय, पडद्यावर दोन्हीकडे नुसतं पांढरं. म्हणून सगळ्यात आधी ती दिसेल अशी व्यवस्था करा.

वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ८ या कळा एकत्र दाबा, किंवा होम टॅबवरचं ¶ असं बटण दाबा. लिबरऑफिस रायटरमध्ये कंट्रोल आणि एफ१० दाबायचं. गूगल डॉक्समध्ये 'व्ह्यू' मेनूत 'शो नॉन-प्रिंटिंग कॅरेक्टर्स' असा पर्याय आहे. हे केलं की प्रत्येक स्पेसच्या जागी ओळीच्या मध्यावर एक बारीक ठिपका दिसू लागतो. टॅबच्या जागी बाण येतो आणि जिथे एंटर दाबलं आहे तिथे ¶ ही खूण. हे ठिपके छापले जात नाहीत. ते पूर्णविरामापेक्षा वर असतात, त्यामुळे दोन-चार मिनिटांत नजरेला फरक कळायला लागतो.

ही सोय पहिले काही आठवडे चालूच ठेवा. सुरुवातीला पान गिचमिड वाटेल, पण नियम पाठ करण्यापेक्षा याने हात लवकर वळतो.

यामागे एक गोष्ट मनात पक्की बसायला हवी. हाताने लिहिताना आपण शब्दांमध्ये जागा 'सोडतो', म्हणजे तिथे काहीच लिहीत नाही. टाइप करताना मात्र स्पेस हे एक अक्षरच असतं. 'क'ला जसा युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक आहे तसा स्पेसलाही आहे, ००२०. ती फाइलमध्ये साठवली जाते, मजकुराबरोबर कॉपी होते, शोधता येते, मोजली जाते. देवनागरीतला एक एसएमएस ७० अक्षरांत बसतो (साध्या रोमन मजकुराला १६० मिळतात), आणि त्या ७० मध्ये प्रत्येक स्पेस एक घर खाते. त्यामुळे जास्तीची स्पेस म्हणजे मजकुरात शिरलेलं जास्तीचं अक्षर, हे ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

## मूळ नियम, उदाहरणांसह

पुढच्या उदाहरणांत ␣ ही खूण म्हणजे एकदा दाबलेला स्पेसबार.

बरोबर: पाऊस थांबला.␣आम्ही निघालो.
चूक: पाऊस थांबला␣.␣आम्ही निघालो.
चूक: पाऊस थांबला.आम्ही निघालो.
चूक: पाऊस थांबला.␣␣आम्ही निघालो.

मराठी मजकुरात या तीन चुकांपैकी शेवटची तुलनेने कमी दिसते. पहिल्या दोन मात्र जागोजागी आढळतात आणि त्यांनी होणारं नुकसानही मोठं असतं. चिन्हाच्या आधी स्पेस दिली आणि नेमकी तिथेच ओळ संपली, तर एकटं प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसू शकतं. चिन्ह ज्या वाक्याचं आहे त्याला चिकटूनच राहिलं पाहिजे.

चिन्हानंतर स्पेस दिलीच नाही तर कॉम्प्युटरच्या लेखी 'थांबला.आम्ही' हा एकच लांबलचक शब्द होतो. ओळीच्या टोकाशी आला की तो मधे मोडत नाही, अख्खा उचलून खाली जातो आणि वरच्या ओळीत भलीमोठी पोकळी उरते. मजकूर वाचून दाखवणाऱ्या किंवा त्याचं भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमना वाक्यं वेगळी करायची असतात. बहुतेक वेळा 'टिंब आणि त्यामागून स्पेस' ही जोडीच त्यांना खूण म्हणून उपयोगी पडते. ती नसेल तर दोन वाक्यं एक होऊन जातात. रोमन लिपीत अशी चूक झाली की काही चॅट-अॅप टिंबाच्या दोन्ही बाजूंचे शब्द वेबपत्ता समजून त्याची लिंक करून टाकतात.

अवतरणचिन्ह किंवा कंस असेल तर स्पेस सगळ्यात शेवटच्या चिन्हानंतर.

"मी उद्या येतो."␣तो म्हणाला.
(हे काम कालच झालं.)␣आता पुढचं घेऊ.

पूर्णविराम आणि मिटणारं अवतरण यांच्यामध्ये काही नाही, कंस उघडल्यावर लगेच काही नाही, मिटण्याआधीही काही नाही. '?!' अशी दोन चिन्हं लागोपाठ आली तर ती एकमेकांना चिकटून, आणि मग एक स्पेस. वाक्य अर्धवट सोडणारी तीन टिंबंही आधीच्या शब्दाला चिकटवावीत आणि पुढे वाक्य असेल तर एक स्पेस द्यावी.

परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्यानंतर स्पेस द्यायचीच नाही. पूर्णविराम, आणि थेट एंटर. तिथली स्पेस कुणाला दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षं राहून जाते, पण पुढे कुणी दोन परिच्छेद जोडले की ती मधोमध उगवते.

स्वल्पविराम, अर्धविराम आणि अपूर्णविराम यांनाही हाच न्याय: आधी नाही, नंतर एक. अपूर्णविरामाबाबत मराठीत एक खास खोट होते, तिची वेगळी दखल घ्यायला हवी. इन्स्क्रिप्ट या देवनागरीच्या प्रमाण कळफलकाच्या मूळ मांडणीत इंग्रजी अर्धविरामाच्या कळीवर 'च' आहे, त्यामुळे ':' हाताशी सापडत नाही. मग लोक विसर्ग वापरतात, कारण तो दिसायला सारखाच. पण विसर्ग हे आधीच्या अक्षराला जोडलं जाणारं चिन्ह आहे, विरामचिन्ह नाही. स्पेसनंतर तो टाइप केला तर बऱ्याच ठिकाणी ठिपक्यांच्या गोलासकट '◌ः' असा उमटतो. शब्दाला चिकटवून टाइप केला तर दिसतो बरोबर, पण शोधताना 'उदाहरण' आणि 'उदाहरणः' हे दोन वेगळे शब्द ठरतात. अशा वेळी कळफलक क्षणभर इंग्रजीवर न्या आणि खरा ':' टाका. प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्हासाठीही इन्स्क्रिप्टमध्ये हीच अदलाबदल करावी लागते. त्या गडबडीत चिन्हाआधी एक स्पेस हमखास शिरते, तेव्हा तिथे जरा सावध राहा.

दंडाचंही, म्हणजे '।' या चिन्हाचंही, सांगून टाकतो. आजच्या मराठी गद्यात वाक्य टिंबाने संपतं. ही विरामचिन्हांची पद्धत आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी रुळली. पण संस्कृत श्लोक किंवा ओवी-अभंग टाइप करताना दंड लागतो. तो इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून टिंबाच्या कळीवर मिळतो. इंग्रजी कळफलकावरची उभी रेघ त्याऐवजी वापरू नका, कॉम्प्युटर तिला दंड मानत नाही. दंडानंतरही स्पेस एकच.

## दोन स्पेस आल्या कुठून?

दोन स्पेस देणारी माणसं अडाणी नव्हती. त्यांना तसं शिकवलं गेलं होतं आणि त्यामागे कारण होतं.

शिशाचे खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हा मोकळी जागासुद्धा धातूचीच असे. अक्षर नसलेले, उंचीला कमी असलेले तुकडे जुळारी दोन शब्दांच्या मधे बसवत. त्यांची मापं ठरलेली असत. टाइपाच्या मापाइतक्या रुंदीचा तुकडा म्हणजे एम क्वाड, त्याच्या निम्मा एन, आणि एक तृतीयांश रुंदीची ती 'थिक' स्पेस. बारा पॉइंटच्या टाइपात एम बारा पॉइंट रुंद आणि थिक स्पेस चार पॉइंट. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत शब्दांमध्ये साधारण ही चार पॉइंटची जागा असे, आणि वाक्य संपलं की बरेच छापखाने पुरा एम घालत. म्हणजे वाक्यांमधली जागा शब्दांमधल्या जागेच्या तिप्पट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची 'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाईल' ही इंग्रजी लेखन-संपादनाची मार्गदर्शिकासुद्धा वाक्यानंतर एम क्वाडच घालायला सांगत असे. फ्रेंच छापखान्यांची रीत निराळी होती. ते दोन्हीकडे सारखीच जागा ठेवत, म्हणून इंग्रजीत या दुसऱ्या पद्धतीला आजही 'फ्रेंच स्पेसिंग' म्हणतात.

मग टाइपरायटर आला. शोल्स आणि ग्लिडन यांचं यंत्र १८७४ मध्ये रेमिंग्टनने बाजारात आणलं, आणि त्यानंतर शंभर वर्षं कचेऱ्यांचा पत्रव्यवहार अशाच यंत्रांवर झाला. साध्या टाइपरायटरची मर्यादा अशी की कुठलीही कळ दाबा, कागद धरणारा गाडा तेवढाच सरकतो. अरुंद अक्षराला आणि रुंद अक्षराला एकच घर. पायका टाइपात इंचाला दहा घरं, एलीटमध्ये बारा. स्पेसबारही एकच घर सरकवतो. छापील पुस्तकासारखी वाक्यांमध्ये जास्त जागा हवी असेल तर स्पेसबार दोनदा दाबणं एवढाच मार्ग. शिवाय त्या रुंद घराच्या मधोमध टिंब एकटं पडायचं, त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळं. अशा मजकुरात वाक्याचा शेवट पटकन दिसावा म्हणून दोन स्पेसचा आधार होता. टंकलेखनाच्या वर्गांत तोच नियम शिकवला गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या हातांत उतरला.

दरम्यान छापखाने मात्र बदलत गेले. १८८६ मध्ये लायनोटाइप यंत्र आलं. त्यात शब्दांमध्ये पाचरी पडत आणि ओळ भरली की त्या सगळ्या एकदम फुगून ओळ ताणून घेत. वाक्यानंतर वेगळी, रुंद जागा घालायची तर जादा कळ दाबावी लागे. हळूहळू पुस्तकं आणि मासिकं सगळीकडे एकच जागा ठेवू लागली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत छापील पानावर एक आणि टाइप केलेल्या पानावर दोन, असं चित्र झालं होतं. छापलेली पुस्तकं वाचत वाढलेल्या लोकांनीच टाइपरायटरवर दोन स्पेस दिल्या, आणि दोन्ही ठिकाणी वाचताना कुणाचं काही अडलं नाही. म्हणूनच दोन स्पेसच्या बाजूने किंवा विरुद्ध तावातावाने बोलणाऱ्यांचं मला पटत नाही. साधन बदललं की त्याची रीत बदलते, एवढीच गोष्ट आहे.

## मग आता एकच का?

आज आपण वापरतो त्या बहुतेक फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. टिंब अरुंद असतं आणि आधीच्या अक्षराला बिलगून उभं राहतं. देवनागरीत तर आणखी एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. शिरोरेषा शब्दावरून सलग जाते आणि शब्द संपला की तुटते, त्यामुळे शब्दांमधली जागा रोमनपेक्षा ठळक दिसते. वाक्य संपतं तेव्हा शिरोरेषा टिंबाच्या आधीच तुटलेली असते आणि टिंबाच्या डोक्यावरची सगळी जागा रिकामी राहते. म्हणजे टिंबाची रुंदी आणि एक स्पेस मिळून दिसणारी मोकळीक नुसत्या शब्दांमधल्या जागेपेक्षा आपोआप जास्त होते. हवा तो फरक एका स्पेसमध्येच मिळतो.

याविरुद्ध एक चांगला मुद्दा मांडता येतो. इंग्रजीत नवं वाक्य मोठ्या अक्षराने सुरू होतं, देवनागरीत तशी लहान-मोठी अक्षरं नाहीत. वाक्य कुठे संपलं हे सांगायचा भार आपल्याकडे टिंबावर आणि त्यापुढच्या जागेवरच पडतो. मग मराठीत तरी जागा थोडी जास्त असावी, असं वाटणं स्वाभाविक आहे. माझं उत्तर असं की जागा जास्त हवी असेल तर ती फॉन्ट घडवणाऱ्याने टिंबाच्या रुंदीत द्यावी. ते काम दुसरं अक्षर भरून करायचं नाही, कारण ते अक्षर मजकुराबरोबर सगळीकडे जातं. त्याच्या रुंदीवर तुमचा ताबा राहत नाही.

ताबा कसा राहत नाही ते ओळ दोन्ही कडांना जुळवली की दिसतं. अशा ओळीत उरलेली जागा सगळ्या स्पेसमध्ये वाटली जाते. दोन स्पेस शेजारी असतील तर त्यांना दोन वाटे मिळतात आणि तिथे भगदाड पडतं. मराठीत हे जास्त जाणवतं. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून येतात, त्यामुळे शब्द लांब आणि ओळीत स्पेस मोजक्या. अरुंद स्तंभात आधीच प्रत्येक स्पेस ताणलेली असते. त्यात दुहेरी स्पेस एकाखाली एक आल्या तर मजकुरातून वरून खाली पांढरे ओघळ दिसतात. छपाईतली माणसं त्यांना 'रिव्हर' म्हणतात आणि ते मोडण्यासाठी बराच वेळ घालवतात. दुहेरी स्पेस देऊन ते काम वाढवू नये.

वाचायला कुठली पद्धत सोपी, याचा शोध घेण्याचा प्रयत्न झाला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात साठ विद्यार्थ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या होत्या. ज्यांना स्वतःला दोन स्पेस टाइप करायची सवय होती, त्यांचा वाचनाचा वेग दोन स्पेसच्या मजकुरात किंचित वाढला. आशय समजण्यात फरक पडला नाही. पण तो मजकूर कुरियर न्यू या टाइपरायटरी वळणाच्या फॉन्टमध्ये होता, म्हणून त्यावरून आजच्या साध्या फॉन्टबद्दल मोठा निष्कर्ष काढायला मी तयार नाही.

## टिंब आहे, पण वाक्य संपलेलं नाही

'डॉ.', 'प्रा.', 'ता.', 'इ. स.' यांतली टिंबं संक्षेपाची. त्यांच्यानंतरही एक स्पेस द्यायची, पण ही स्पेस वेगळ्या जातीची असली तर बरं. ओळ नेमकी तिथे संपली तर 'डॉ.' वर राहतो आणि नाव खालच्या ओळीत जातं. 'इ. स.' एका ओळीत आणि '१८७४' दुसऱ्या ओळीत, हेही वाचताना टोचतं. त्यासाठी न तुटणारी स्पेस असते. वर्डमध्ये आणि लिबरऑफिसमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेसबार एकत्र दाबले की ती मिळते. मॅकवर ऑप्शन आणि स्पेसबार. दिसायला ती साध्या स्पेससारखीच, पण तिथे ओळ मोडत नाही. खुणा चालू ठेवल्या असतील तर वर्डमध्ये ती ठिपक्याऐवजी '°' अशी दिसते.

प्रत्येक संक्षेपाला ती द्यायलाच हवी असं नाही. चार ओळींच्या निरोपात कुणी बघत नाही. छापायला जाणाऱ्या मजकुरात मात्र नावं आणि सनांसाठी ती वापरण्याची सवय लावून घ्यावी.

वेळ आणि दशांश यांतल्या टिंबाला स्पेस नाही: १०.३०, ३.१४. वेबपत्ता आणि ईमेल पत्ता यांतही नाही.

## फोनवर टाइप करताना

बहुतेक फोनच्या कळफलकात स्पेसबार लागोपाठ दोनदा दाबला की टिंब आणि एक स्पेस असं आपोआप उमटतं. म्हणजे हाताची जुनी 'दोनदा दाबा' ही सवय इथे कामाला येते, आणि मजकुरात स्पेस एकच राहते. पण त्यामुळे नको तिथे टिंब पडण्याचीही शक्यता असते. अंगठा घसरून स्पेसबार दोनदा लागला की वाक्याच्या मधेच पूर्णविराम येतो. त्रास होत असेल तर कळफलकाच्या सेटिंग्जमध्ये ही सोय बंद करता येते.

सुचवलेला शब्द बोटाने निवडला की बरेच कळफलक त्यापुढे आपणहून स्पेस टाकतात. त्यानंतर टिंब दाबल्यावर काही कळफलक ती स्पेस मागे घेतात, काही घेत नाहीत. 'आला .' अशी स्पेस राहते ती बऱ्याचदा यामुळेच. पाठवण्याआधी तेवढं पाहून घ्या.

## जुनी फाइल साफ करताना

हा भाग सावकाश वाचा, इथे घाई केली तर चांगल्या मजकुराची वाट लागते.

आधी मूळ फाइलची एक प्रत वेगळी ठेवा. मग खुणा चालू करून फाइल वरून खालपर्यंत नुसती बघा. शोधायचं आहे ते एकच: कुणी स्पेस वापरून काही मांडणी केली आहे का? स्पेसबार दाबून-दाबून सरळ केलेले तक्ते, मुद्दाम आत ओढलेल्या कवितेच्या ओळी, सहीसाठी उजवीकडे सरकवलेलं नाव. असं काही असेल तर ते भाग आधी नीट करा. तक्त्याला खरा टेबल, सरकवायला टॅब किंवा इंडेंट. नाहीतर पुढच्या पायरीत ते सगळं कोसळेल.

आता कंट्रोल आणि एच दाबून 'फाइंड अँड रिप्लेस' उघडा. वरच्या चौकटीत दोन स्पेस टाइप करा, खालच्या चौकटीत एक, आणि 'रिप्लेस ऑल' दाबा. बदल शून्य असा निरोप येईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. एका फेरीत लागोपाठच्या स्पेस साधारण निम्म्या होतात: पाच असतील तर तीन, मग दोन, मग एक. चार-पाच फेऱ्यांत काम संपतं.

पुढे चिन्हांआधीच्या स्पेस. वर 'स्पेस आणि टिंब', खाली नुसतं टिंब. मग हेच प्रश्नचिन्हासाठी, उद्गारचिन्हासाठी आणि स्वल्पविरामासाठी. वर्डमध्ये शोधखुणांचा ('यूज वाइल्डकार्ड्स') पर्याय चालू असेल तर प्रश्नचिन्ह म्हणजे 'कुठलंही एक अक्षर' असा अर्थ घेतला जातो आणि भलतंच काही बदलतं. तो पर्याय बंद असल्याची खात्री करूनच प्रश्नचिन्हाला हात लावा.

परिच्छेदांच्या शेवटच्या स्पेस काढायला वर्डच्या त्याच खिडकीत 'मोअर' दाबून 'स्पेशल' या यादीतून 'पॅराग्राफ मार्क' निवडा. वर स्पेस आणि पॅराग्राफ मार्क, खाली नुसता पॅराग्राफ मार्क.

राहिलं ते चिन्हानंतर स्पेस नसणं. इथे 'रिप्लेस ऑल' अजिबात नको. 'टिंबानंतर स्पेस घाल' असा सरसकट हुकूम दिलात तर १०.३० चं '१०. ३०' होईल, वेबपत्ते मोडतील, तीन टिंबं फाकतील. 'फाइंड नेक्स्ट' दाबत एकेक ठिकाण बघा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा भरवशाचा रस्ता नाही.

इतकं करूनही काही ठिकाणी जागा जास्त दिसत असेल तर तिथे न तुटणारी स्पेस दडलेली असू शकते. वेबपानावरून उचललेल्या मजकुरात ती हटकून येते. साध्या स्पेसच्या शोधात ती पकडली जातेच असं नाही. 'स्पेशल' यादीत ती 'नॉनब्रेकिंग स्पेस' म्हणून सापडते. एक्सेलमध्ये यादी साफ करायला 'ट्रिम' हे सूत्र आहे. ते पुढच्या-मागच्या स्पेस काढतं आणि मधल्या एकावर आणतं, पण न तुटणाऱ्या स्पेसला तेही हात लावत नाही.

दुसऱ्याच्या फाइलमध्ये हे करत असाल तर 'ट्रॅक चेंजेस' (केलेला प्रत्येक बदल खुणेने दाखवणारी सोय) बंद ठेवून करावं आणि तसं त्यांना सांगावं. नाहीतर त्यांच्या पुढ्यात शेकडो लाल खुणा पडतात आणि त्यांत तुमच्या खऱ्या दुरुस्त्या हरवतात.

## वेबपानावर दोन दिल्या तर?

काही होत नाही. एचटीएमएलमध्ये लागोपाठच्या कितीही स्पेस दिल्या तरी ब्राउझर त्या एक म्हणूनच दाखवतो, तसं वेगळं सांगितलं नसेल तर. पण लिहायच्या चौकटीत दिसतं तसंच पानावर दिसावं म्हणून काही संपादक-प्रोग्रॅम दुसरी स्पेस गुपचूप न तुटणारी करून ठेवतात. मग ती पानावरही दिसते आणि ओळी वेड्यावाकड्या मोडायला लागतात. वेबवर लिहिणाऱ्याने म्हणून एकावरच थांबावं.

## जिथे दोन मागितल्या जातात

ज्या संस्थेसाठी लिहाल तिचा नियम तुमच्या आवडीच्या वर असतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखन-मार्गदर्शिकेच्या २००९ च्या सहाव्या आवृत्तीत शोधनिबंधाच्या कच्च्या प्रतीत दोन स्पेस सुचवल्या होत्या. २०१९ च्या सातव्या आवृत्तीत त्यांनी एक केली. जुनी मार्गदर्शिका हाताशी धरून शिकवणारे अजून भेटतात, म्हणून आवृत्ती कुठली ते आधी विचारून घ्या. वर्डने २०२० पासून इंग्रजी मजकुरातल्या दुहेरी स्पेसखाली चूक असल्याची खूण करायला सुरुवात केली, आणि तीही सेटिंग्जमधून बदलता येते.

प्रोग्रॅमर मंडळींच्या ईमॅक्स या संपादकात वाक्यावरून वाक्यावर उडी मारण्याच्या आज्ञा मुळात दोन स्पेसवर अवलंबून असतात, त्यामुळे तिथली जुनी माणसं दोन देतात. उलट डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये आणलेली टेक ही मांडणीची प्रणाली तुम्ही किती वेळा स्पेसबार दाबला ते बघतच नाही. वाक्यानंतरची जागा ती स्वतः किंचित मोठी करते आणि नको असेल तर एका आज्ञेने सारखी करते. मला ही रचना सगळ्यात शहाणपणाची वाटते: लिहिणाऱ्याने वाक्य संपवावं, जागेचं माप मांडणीने ठरवावं.

दुसऱ्या भाषांत टाइप करायची वेळ आली तर मात्र ही पद्धत सोबत घेऊन जाऊ नका. फ्रान्समधल्या छपाईत प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्हाच्या आधीही अरुंद, न तुटणारी जागा सोडतात. चिनी आणि जपानी पूर्णविरामाच्या घरातच मोकळी जागा असते, म्हणून त्यापुढे स्पेस देतच नाहीत. थाईत शब्द सलग लिहितात आणि जागा सोडतात ती वाक्य किंवा वाक्यांश संपल्यावर. आपली मोडीही शब्द न तोडता एका रेघेखाली सलगच लिहिली जायची.

## हाताची सवय बदलायची असेल तर

दोन स्पेसची सवय अंगठ्यात असते, डोक्यात नसते. त्यामुळे टाइप करताना स्वतःला थांबवत बसू नका, लिहिण्याची लय जाते. मजकूर वाहू द्या आणि शेवटी वर दिलेली शोधाशोध करा. लिबरऑफिसमध्ये ऑटोकरेक्टच्या पर्यायांत 'इग्नोर डबल स्पेसेस' अशी चौकट आहे. ती चालू केली की टाइप करताना दुसरी स्पेस उमटतच नाही आणि अंगठ्याला हळूहळू आपणहून कळतं.

नव्याने शिकणाऱ्याने एक छोटा सराव करावा. कुठल्याही छापील पानातले दोन परिच्छेद घ्या, ज्यात संवाद, एखादा कंस आणि एक-दोन संक्षेप असतील. खुणा बंद ठेवून ते टाइप करा, मग खुणा चालू करून प्रत्येक चिन्हाच्या आधी आणि नंतर किती ठिपके आहेत ते बघा. चूक बहुधा एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा होत असते. कुणाची अवतरण मिटल्यावर, कुणाची कळफलक बदलताना. आपली जागा सापडली की तेवढीच चार-पाच वाक्यं पुन्हा टाइप करा.

आणि कुठलीही फाइल पाठवण्याआधी कंट्रोल आणि एफ दाबून चौकटीत दोन स्पेस टाका. एकही सापडली नाही, तर पाठवा.